किनाशीचे वामनवृक्ष

कुंडींत वाढविलेलें लहानसें झाड म्हणजे वामनवृक्ष, आणि वामनवृक्ष म्हणजे जपानी श्रीमंतांची एक हौस, अशी समजूत आपल्याकडील सुशिक्षित घरांतूनहि बरीच रूढ आहे. पुण्या-मुंबईच्या प्रदर्शनांत दोरीपलीकडे मांडलेला, किंमतीची चिठ्ठी लावलेला एखादा वृक्ष पाहिला म्हणजे ती अधिकच दृढ होते. परंतु ज्या मातींत ही विद्या वाढली तेथें जाऊन पाहिलें असतां प्रथम जी गोष्ट डोळ्यांत भरते ती ही, कीं हीं झाडें कोठून लांबून आणलेलीं नसतात. घरामागच्या डोंगरावर किंवा गांवाखालच्या समुद्रकांठीं जें आपोआप उगवतें, तेंच शेतकरी उपटून अंगणांत आणतो, आणि मग त्याच्या दोन-तीन पिढ्या त्या एका झाडामागें खपतात. जपानच्या शिकोकु बेटावरील किनाशी नांवाच्या गांवीं आम्हांस हें प्रत्यक्ष पाहावयास मिळालें. त्याची हकीकत वाचकांस सादर करीत आहों.

आमचा पुतण्या ओकायामा शहरीं नोकरीस असतो. पुण्याच्या वाचकांस हें नांव अगदींच परकें वाटूं नये. सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यान ज्या जुन्या उपवनाच्या धर्तीवर उभारलें आहे, तें कोराकुएन याच शहरांत आहे. नोव्हेंबर महिन्यांत पुतण्याकडे आठ दिवस राहण्याचा योग आला, तेव्हां आमच्या मंडळींनीं देवळें आणि बाजार यांची भली मोठी यादी पुढें केली. आम्हीं मात्र एकच हट्ट धरला, कीं दोन दिवस समुद्रापलीकडे ताकामात्सुस जावयाचें. यादींतील देवळांपैकीं एक तरी त्या बाजूस असावें, या अटीवर हट्ट मान्य झाला.

ओकायामाहून ताकामात्सु आगगाडीनें तासाभराच्या वाटेवर आहे. मधला सेतो समुद्र १९८८ सालीं खुल्या झालेल्या प्रचंड पुलावरून ओलांडावा लागतो. पुलाच्या वरच्या मजल्यावर मोटारींचा रस्ता, खालच्यावर लोहमार्ग. खिडकींतून पाहावें तों निळ्या पाण्यांत लहान लहान बेटें विखुरलेलीं, आणि त्यांच्या खडकांवर, जेथें मूठभर मातीहि असेलसें वाटत नाहीं तेथें, वाऱ्यानें एका बाजूस वांकलेला एखादा चीड उभा! “काका, हे बघा तुमचे वामनवृक्ष. यांना कोणीं तार बांधली नाहीं,” पुतण्या म्हणाला. त्यानें हें थट्टेनें म्हटलें, परंतु पुढील दोन दिवसांत जें पाहिलें त्याचें बीज या बोलण्यांतच होतें.

ताकामात्सुहून पश्चिमेस जाणाऱ्या संथ गाडीचें दुसरें स्टेशन किनाशी. या नांवांत ‘राक्षस’ आणि ‘नाहीं’ अशा अर्थाचीं दोन अक्षरें आहेत. पीचच्या फळांतून जन्मलेला मोमोतारो नांवाचा बालवीर कुत्रा, माकड आणि पक्षी यांस संगें घेऊन राक्षसांचा निःपात करतो, ही गोष्ट जपानांत लहान मुलांसहि पाठ असते. त्यानें येथील राक्षस निःशेष केले म्हणून गांव किनाशी, असें येथील लोक सांगतात. ओकायामाचे लोकहि मोमोतारोस आपलाच म्हणतात! आपल्याकडे प्रत्येक डोंगरांतील लेण्यांत पांडव राहून गेलेले असतात, त्यांतलाच हा प्रकार.

स्टेशनापासून थोडें चाललों नाहीं तोंच शेतें लागलीं. पण त्यांत भात नव्हता. वाफ्यावाफ्यांतून ओळींनीं चीड लावलेले. कांहीं वीतभर, कांहीं गुडघ्याइतके, कांहीं पुरुषभर उंच, आणि बहुतेकांचीं खोडें सापासारखीं वळलेलीं. भाजीपाल्याच्या वाफ्यास लागून चिडांचा वाफा, त्यापलीकडे घर, घरापुढें फळ्यांवर मांडलेल्या कुंड्या, कुंड्यांच्या वर वाळत घातलेले कपडे. प्रदर्शनांतील दिमाखाचा येथें मागमूसहि नाहीं. आपल्याकडे कोंकणांत आंब्यांचीं कलमें जशीं घराभोंवतीं असतात, तशींच हीं झाडें येथें घराभोंवतीं आहेत आणि तशींच तीं घराचें पोट भरीत आलीं आहेत.

सुमारें दोनशें वर्षांपूर्वीं या भागांतील लोकांनीं समुद्रकांठचे रानटी चीड उपटून कुंड्यांत लावण्यास आरंभ केला असें सांगतात. आज जपानांत तयार होणाऱ्या चिडांच्या वामनवृक्षांपैकीं सुमारें ८० टक्के ताकामात्सु शहराच्या हद्दींतील किनाशी आणि कोकुबुन्जी या दोन भागांतून येतात. याचें कारण कोणत्याहि सरदाराच्या आश्रयांत शोधण्यापेक्षां जमिनींत शोधावें हें बरें. ग्रॅनाइटाचा दगड झिजून झालेली येथील जमीन मुरमाड आणि भुरभुरीत आहे. तींत पाणी ठरत नाहीं. हवा उबदार, आणि पाऊस जपानच्या मानानें थोडा. त्यामुळें भातास पाणी पुरावें म्हणून या प्रांतांत पूर्वापार हजारों तळीं बांधावीं लागलीं. जें भातास प्रतिकूल तें चिडास मात्र मानवतें. अशा जमिनींत चीड सावकाश वाढतो, त्याचें लांकूड घट्ट होतें आणि मुळें दांडगीं होतात. आणि कुंडींत जन्म काढावयाचा तर दांडग्या मुळांवांचून चालत नाहीं.

येथील मुख्य झाड म्हणजे कुरोमात्सु, अर्थात् काळा चीड. काळपट, भेगाळलेली साल आणि दोन-दोनच्या जोडीनें येणाऱ्या ताठ, टोंचणाऱ्या सुया, ही त्याची खूण. दुसरा गोयोमात्सु. ‘गो’ म्हणजे पांच. त्याच्या सुया पांच-पांचच्या झुबक्यांनीं येतात आणि स्पर्शास मऊ असतात. हा थंड डोंगराळ भागांतला वृक्ष असल्यानें सखल भागांत तो पुष्कळदां काळ्या चिडाच्या खुंटावर कलम करून वाढवितात. पाय समुद्रकांठच्याचे आणि डोकें डोंगरावरच्याचें, असा हा संसार चांगला चालतो. मात्र जोडाच्या खालीं आणि वर सालीचा पोत निराळा राहतो, आणि जाणत्या माणसाची नजर प्रथम तेथेंच जाते.

पुतण्याच्या एका सहकाऱ्याच्या ओळखीनें एका बागेंत आम्हांस आंत जाऊन बसावयास मिळालें. बागेचे मालक ऐंशीच्या घरांतले. त्यांस आम्ही येथें आजोबाच म्हणूं. फळीपुढें एका ठेंगण्या स्टुलावर बसून ते चिमट्यानें एका झाडाच्या सुया उपटीत होते. शेजारीं त्यांची सून दुसऱ्या झाडावर तेंच काम करीत होती. मागच्या वर्षाच्या जुन्या सुया काढून टाकावयाच्या, आणि नव्याहि प्रत्येक टोंकावर ठराविकच ठेवावयाच्या. जोमदार फांदीवर थोड्या, अशक्त फांदीवर अधिक. म्हणजे सर्व फांद्यांचें बळ सारखें होतें आणि आंतल्या डहाळ्यांपर्यंत ऊन पोंचतें. एका मध्यम झाडास दोन पूर्ण दिवस लागतात, असें सुनेनें सांगितलें, आणि फळ्यांवर झाडें होतीं तीनशेंच्या वर. सुपांत तांदूळ घेऊन निवडीत बसलेल्या आपल्या घरांतील बायकांची आठवण आमच्या मंडळींस झाली, आणि भाषेचा गंध नसतां दोघींचें पांच मिनिटांत सूत जमलें.

वामनवृक्ष हा झाडाची उपासमार करून खुजा ठेवलेला असतो, हा आपल्याकडील दुसरा गैरसमज. वास्तविक तो पुष्कळ खातो आणि पितो. काळ्या चिडाचें बीं वसंतांत पेरतात. रोपें थोडीं वर आलीं कीं कांहीं माळी त्यांचें मूळ छाटून शेंडा पुन्हां वाळूंत खोंवतात. म्हणजे एक सरळ सोटमूळ न होतां चहूंकडे सारखीं मुळें फुटतात. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीं, खोड बोटानें वांकेल इतकें कोंवळें असतांनाच, त्यास तार गुंडाळून वळण देतात. हें वय उलटलें कीं मोठें वळण घेत नाहीं. त्यानंतर झाड शेतांत मोकळें वाढूं देतात, आणि येथें एक नवल आहे. खोड जाड व्हावें म्हणून बुंध्याजवळची एखादी फांदी मुद्दाम न छाटतां वाटेल तेवढी वाढूं देतात. ती पुरुषभर उंच होते, सारें पोषण तिच्या वाटेनें खालीं येतें आणि खोड फुगतें. इच्छित जाडी आली म्हणजे तीच फांदी मुळापासून कापून टाकतात. तिला जपानी भाषेंत जें नांव आहे त्याचा अर्थ ‘बळीची फांदी’. वामनाच्या झाडास बळीहि असावा, हें ऐकून आम्हांस मौज वाटली. ही मौज आजोबांस समजावून देतां देतां मात्र पुतण्याची पुरेवाट झाली.

या शेतांतच दहा-पंधरा वर्षें सहज जातात. मग हिंवाळ्याच्या अखेरीस झाड उपटून, मुळें छाटून तें कुंडींत येतें. पुढें दर तीन ते पांच वर्षांनीं कुंडींतून काढून मुळें पुन्हां छाटावयाचीं आणि माती बदलावयाची. त्या वेळीं मुळांभोंवतीं एक पांढरी बुरशी आढळते; ती रोग समजून धुऊन टाकावयाची नसते. ती चिडाची सोबतीण आहे. मुळांस पाणी आणि क्षार पुरविण्यास तिचें साह्य होतें. म्हणून जुनी माती थोडी नव्या मातींत मिसळतात, जशी विरजणाची कवडी दुधांत.

काळ्या चिडाच्या सुया निसर्गतः बोटाहून लांब असतात. हातभर झाडावर त्या शोभत नाहींत. यावर येथें जी युक्ति करतात ती आम्हांस साऱ्या विद्येचें मर्म वाटली. वसंतांत प्रत्येक टोंकास मेणबत्तीसारखा उभा कोंब येतो. जूनअखेरीपासून जुलैपर्यंत हे कोंब मुळांतून कापून टाकतात. झाड सशक्त असेल तर कापलेल्या जागीं पुन्हां कोंब येतात. परंतु उन्हाळा आतां थोडाच उरलेला असतो, म्हणून या दुसऱ्या कोंबांच्या सुया आंखूडच राहतात. झाड तेंच, ऋतु तोच. केवळ वेळ साधली. अशक्त झाडावर मात्र हा प्रयोग करावयाचा नाहीं. गोयोमात्सु तर हें सोसतच नाहीं. त्याचे कोंब वसंतांत कोंवळेपणींच नुसते खुडावे लागतात. “आधीं झाडाचें वय आणि प्रकृति पाहावयाची, मग कात्री हातांत घ्यावयाची,” असें आजोबा म्हणाले. पाणी घालणें शिकण्यास तीन वर्षें लागतात, ही येथील माळ्यांची जुनी म्हणहि त्यांनीं ऐकविली. नवशिक्याच्या हातीं प्रथम झारीच येते. कात्री फार उशिरा.

आमच्या मंडळींच्या मनांत एक प्रश्न बराच वेळ घोळत होता. तो त्यांनीं अखेर विचारलाच. “तारा बांधून, मुळें कापून झाडास दुःख होत नसेल का? लहान मुलाचे पाय बांधून ठेवावेत तसें हें वाटतें.” पुतण्या अंमळ कचरला, परंतु त्यानें प्रश्न जसाच्या तसा सांगितला. आजोबा रागावले नाहींत. ते म्हणाले, “झाडाला बोलतां येत नाहीं, पण न सोसणारें कांहीं केलें तर तें मरतें. हें माझ्या आजोबांनीं लावलें. मेलेलें नाहीं.” आणि त्यांनीं फळीच्या टोंकाच्या एका झाडाकडे बोट केलें. उंची दीड हाताहून थोडी अधिक; बुंधा मांडीएवढा; साल कांसवाच्या पाठीसारखी. उत्तर आमच्या मंडळींस पटलें असें नाहीं. परतीच्या वाटेवर त्या म्हणाल्या, “मेलें नाहीं म्हणजे सुखांत आहे असें थोडेंच?” यावर आमच्यापाशींहि उत्तर नव्हतें.

त्या आजोबांच्या आजोबांच्या झाडाची कथा मग सुनेनेंच सांगितली. त्याच वेळीं लावलेलीं त्याचीं दोन भावंडें पूर्वींच विकलीं गेलीं. आतां परदेशांतील एका ग्राहकानें यासाठीं मागणी घातली आहे. अलीकडे येथील पुष्कळशीं झाडें युरोप, अमेरिका आणि आशियांतील इतर देशांत जातात. तिचा नवरा ओसाकास नोकरी करतो, महिन्यांतून एकदां घरीं येतो. मुलगा शाळेंत आहे. त्याला झाडांचें वेड आहे कीं नाहीं हें सांगण्याचें त्याचें वय नाहीं. सध्यां पाणी ती घालते. उन्हाळ्यांत दिवसांतून दोनदां, कडक उन्हांत तिनदां. दोन दिवस कोणी घरीं नसेल तर शंभर वर्षांचें झाड वाळून जाईल, मग तें कोणाचें होतें याला अर्थ उरत नाहीं. अशा स्थितींत विकावें कीं ठेवावें? गांवांत ज्यांच्या घरीं हातास हात लागत नाहीं अशा कित्येकांनीं हा धंदा सोडला आहे. आजोबा मान खालीं घालून सुया उपटीत होते. ग्राहकास उत्तर वसंतापर्यंत कळवावयाचें आहे, एवढेंच ते म्हणाले.

वाटणीचे, विभक्त होण्याचे, जुनें घर कोणीं सांभाळावें याचे वाद ज्यांनीं घरांत पाहिले आहेत, अशा आमच्यासारख्यांस हा प्रश्न परका वाटण्याचें कारण नव्हतें. फरक इतकाच, कीं घरास कुलूप लावून वर्षभर दूर राहतां येतें. झाडास कुलूप लावतां येत नाहीं.

चहाच्या वेळीं आजोबांनीं आम्हांसच उलट विचारलें, “तुमच्या घराजवळ कोणता चीड उगवतो?” महाराष्ट्रांतील सह्याद्रींत चीड, देवदार यांच्या जातीचें एकहि झाड आपोआप उगवत नाहीं, असें सांगतांच त्यांस मोठें आश्चर्य वाटलें. दक्षिणेकडे केरळ आणि निलगिरीच्या रानांत त्या वर्गांतला एकच वृक्ष आहे. त्यालाहि सुया नसून रुंद पानें असतात. हिमालयांत देवदार आणि चीड विपुल आहेत, परंतु तो आमच्या घरापासून जपानइतकाच दूर, असें आम्हीं म्हटलें. “मग तुमच्या भिंतीवर काय उगवतें?” आजोबांचा हा प्रश्न फार नेमका होता. जुन्या वाड्याच्या भिंतींत, देवळाच्या शिखरावर, विहिरीच्या काठावर पिंपळ आणि उंबर उगवतात; विटेच्या फटींत मूठभर चुन्यावर वर्षानुवर्षें जगतात, आणि उपटले तरी पुन्हां येतात. हें ऐकून ते जोरानें हंसले. “तेंच तर झाड! आमचा चीड खडकावर उगवला म्हणून आम्हीं तो घेतला.” थंड प्रदेशांतलें जुनिपर विकत आणून मुंबईच्या गच्चींत ठेवणारे, आणि दोन पावसाळ्यांनंतर हळहळणारे आमचे कांहीं स्नेही त्या वेळीं आमच्या डोळ्यांपुढें आले. पिंपळ घरांत लावूं नये असें आपल्याकडे मानतात, ही अडचण पुतण्यानें पुढें मांडली. तेव्हां आमच्या मंडळींनीं तत्काळ निर्णय दिला, कीं कुंडी अंगणांत ठेवावी.

घराजवळचें झाड घ्यावें, या नियमास एक काळी बाजूहि आहे. याच शिकोकु बेटावर इशिझुचि नांवाचा १९८२ मीटर उंचीचा पर्वत आहे. पश्चिम जपानांत त्याहून उंच दुसरा नाहीं. त्याच्या कड्यांवर शिम्पाकु नांवाचें रानटी जुनिपर होतें. वारा आणि बर्फ यांनीं अर्धें मेलेलें, पांढरें पडलेलें खोड आणि त्याच्या कडेनें वर चढलेली जिवंत सालीची एकच पट्टी, असें त्याचें रूप. तें लोकप्रिय होतांच डोंगरी लोक दोरांनीं कड्यांवरून उतरून तीं झाडें उपटूं लागले. शेंकडों वर्षांत घडलेलें रूप एका कुदळीसरशीं हातीं येई, आणि त्याची भरपाई कोणाच्याहि शेतांत होण्यासारखी नव्हती. पुढें तीं इतकीं दुर्मिळ झालीं कीं आतां नवीं झाडें बागांतल्या झाडांच्या फांद्या लावूनच करतात. किनाशीच्या लोकांनीं बीं पेरण्याचा मार्ग वेळींच धरला, हें त्यांचें शहाणपण म्हणावयाचें.

दुपारच्या जेवणाची कथाहि थोडक्यांत सांगणें भाग आहे, कारण शाकाहारी वाचक कधीं तिकडे गेलेच तर उपयोगी पडेल. हा प्रांत गव्हाच्या जाड शेवयांसाठीं, म्हणजे उदोनसाठीं, प्रसिद्ध आहे. परंतु त्यावरचा रस्सा सुकविलेल्या लहान मासळीचा असतो. रस्सा वर्ज्य करून नुसत्या शेवयांवर सोयाबीनचा खारट रस घालून मागावा. तसें खाण्याची रीत तेथेंहि आहे, आणि लागतेंहि बरें. चटणीची उणीव भासते तेवढीच.

दोन स्टेशनें पुढें कोकुबु. तेथील कोकुबुन्जी मंदिर हें शिकोकु बेटाच्या प्रदक्षिणेंतील ८८ क्षेत्रांपैकीं ८० वें. इ. स. ७४१ मध्यें शोमु सम्राटानें प्रांतोप्रांतीं एक मंदिर उभारण्याची आज्ञा केली, त्यांतलें हें एक. यादींतील देवळाची अट येथें पुरी झाली. जुन्या चिडांच्या सांवलींतून पांढऱ्या वस्त्रांतले यात्रेकरू काठ्या टेंकीत चालले होते. एका दगडी स्तंभावर ओळखीचीं वळणें दिसलीं म्हणून जवळ गेलों, तों तीं सिद्धम् लिपींतील संस्कृत बीजाक्षरें! आपल्या नागरीची ही चुलत बहीण चीनमार्गें जपानांत गेली आणि तेथें देवळांत राहिली. आमच्या मंडळींनीं बोटानें गिरवून ‘अ’ वाचला, तेव्हां शेजारचा यात्रेकरू चकित होऊन पाहूं लागला.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं ताकामात्सुचें रित्सुरिन उपवन पाहिलें. शंभराहून अधिक वर्षें काम चालून हें १७४५ सालीं पुरें झालें. यांत सुमारें १४०० चीड आहेत, आणि त्यांतील हजारएक माळ्यांच्या हातांनीं वर्षानुवर्षें छाटून राखलेले आहेत. परंतु आम्हांस पाहावयाचा होता तो एकच. १८३३ सालीं तोकुगावा इएनारी या शोगुनानें येथील सरदारास गोयोमात्सुचा एक वामनवृक्ष भेट दिला. पुढें तो कुंडींतून काढून तळ्याच्या कांठीं जमिनींत लावण्यांत आला. आज त्याची उंची सुमारें आठ मीटर आहे, आणि त्याचीं मुळें जमिनीच्या वर उचललेलीं, एकमेकांत गुंतलेलीं अशीं दिसतात. लावणारांची कुंडी सुटली तरी वळण सुटलेलें नाहीं. आमच्या मंडळी त्याच्याखालीं बराच वेळ उभ्या होत्या. “याला कोणीं विचारलें असतें तर यानें काय सांगितलें असतें, कुंडी कीं तळें?” असें त्या म्हणाल्या. कालचा प्रश्न मिटला नव्हता.

आम्हीं त्यांस दुसऱ्या एका गोयोमात्सुची हकीकत सांगितली. याच सेतो समुद्राच्या पश्चिम भागांत मियाजिमा बेट आहे. तेथील जातीचा एक चीड हिरोशिमाच्या यामाकि घराण्यानें पिढ्यानुपिढ्या सांभाळला होता. तो १६२५ पासून कुंडींत आहे असें मानतात. ६ ऑगस्ट १९४५ रोजीं अणुबाँब पडला तेव्हां तें घर स्फोटाच्या जागेपासून सुमारें तीन किलोमीटरांवर होतें. खिडक्यांच्या कांचा फुटून घरच्या माणसांस जखमा झाल्या, परंतु माणसें वांचलीं. बागेची भिंत आड आल्यानें झाडहि वांचलें. १९७६ सालीं मासारु यामाकि यांनीं तें अमेरिकेस भेट दिलें. ज्या देशानें बाँब टाकला त्यालाच. आणि देतांना त्या दिवसाचा उच्चारहि केला नाहीं. २००१ सालीं त्यांचे दोन नातू वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानांत आजोबांचें झाड पाहण्यास गेले, तेव्हां कोठें तेथील लोकांस हें कळलें. घरांतून झाड गेलें, पण पाणी घालणारे हात मिळाले. तें आजहि तेथें आहे. किनाशीच्या सुनेस ही हकीकत ठाऊक असेलच. ती तिला बोचत असेल कीं धीर देत असेल, हें तीच जाणे.

उपवनाच्या उत्तर दाराजवळच्या स्टेशनावरून पूर्वेकडची गाडी धरून आम्ही त्सुदा येथें गेलों. किनाशीच्या चिडांचे रानटी आप्त जेथें आहेत असा किनारा आम्हांस पाहावयाचा होता. पांढरी वाळू, आणि तिच्या कडेनें सुमारें किलोमीटरभर पसरलेलें काळ्या चिडांचें बन. शेंकडों वर्षांचे वृक्ष. कोणी पाण्याकडे झुकलेला, कोणाचीं मुळें वाळू सरकल्यानें उघडीं पडून माणसाइतकीं उंच झालेलीं. काल शेतांत तारांनीं जीं जीं वळणें दिलेलीं पाहिलीं, तीं सर्व येथें होतीं.

कांहीं झाडांच्या बुंध्यांवर लहान चिठ्ठ्या आणि टोंचल्याच्या खुणा दिसल्या. चिडांस औषध टोंचतात, असें पुतण्यानें सांगितलें. जपानांतील चिडांवर विसाव्या शतकाच्या आरंभापासून एक मोठें संकट आहे. उत्तर अमेरिकेंतून आलेला एक सूक्ष्म कृमि भुंग्याच्या अंगावरून झाडांत शिरतो, झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नलिका बंद पडतात, आणि हिरवा वृक्ष एका उन्हाळ्यांत तांबडा होऊन मरतो. नागासाकीकडे १९०५ च्या सुमारास ही मर प्रथम दिसली; हा कृमिच तिचें कारण आहे हें सिद्ध होण्यास १९७१ साल उजाडलें. मधल्या काळांत आणि नंतरहि सेतो समुद्राच्या कांठचीं चिडांचीं रानेंच्या रानें गेलीं. ज्यांच्या बियांपासून कुंड्यांतील झाडें झालीं ते किनाऱ्यावरचे वडील मेले, आणि अंगणांतलीं लेंकरें रोज पाणी घालणाऱ्या हातांमुळें राहिलीं, असेंहि कित्येक ठिकाणीं झालें असेल. हें ऐकून आमच्या मंडळी कांहीं बोलल्या नाहींत. एका उघड्या मुळावर हात ठेवून त्या समुद्राकडे पाहत राहिल्या.

वाळूंत चिडाचीं शंकूसारखीं सुकलेलीं फळें पुष्कळ पडलीं होतीं. एक उचलून हलविलें तों पंखांचीं दोन बारीक बियें तळहातावर आलीं. तीं रुमालांत बांधण्याचा मोह झाला. परंतु परवान्यावांचून परदेशचें बीं हिंदुस्थानांत नेतां येत नाहीं, हें पुतण्यानें आठवण देऊन सांगितलें, आणि नुकतीच कृमीची कथा ऐकल्यावर त्यावर वाद घालण्यासारखें कांहींच नव्हतें. बियें वाळूवर फुंकून टाकलीं. गाडीस वीस मिनिटें होतीं. आमच्या मंडळी वाड्याच्या मागच्या भिंतींतील उंबर किती वर्षांचा असेल याचा हिशेब बोटांवर करीत पुढें चालल्या होत्या.